चालकाविना धावणारी गाडी आणि जबाबदारीचा मागोवा



रियाध शहराच्या आग्नेय भागात अल सुलै नावाची वस्ती आहे. गोदामे, ट्रक-ट्रेलरचे तळ, सुट्या भागांची दुकाने आणि दुरुस्तीच्या कार्यशाळा यांनी हा परिसर गजबजलेला असतो. उंच काचेच्या इमारतींचे रियाध छायाचित्रांत दिसते. त्या रियाधला लागणारा माल उतरवणारे, वाहणारे आणि गाड्यांची चाके बसवणारे हात मात्र अशा वस्त्यांत राहतात. माझ्या परिचयाचे एक अकोल्याकडील ज्येष्ठ बांधव तेथील एका कार्यशाळेत अवजड वाहनांचे मेकॅनिक आहेत. गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मी त्यांना भेटायला गेलो होतो. मेट्रोने पूर्वेकडे आलो आणि पुढचा रस्ता टॅक्सीने गाठला.

चहा घेताना मी मेट्रोचे कौतुक करू लागलो. गाडीला चालक नाही, पुढच्या काचेपाशी लहान मुले उभी राहून बोगदा पाहतात, गाडी नेमकी दारासमोर थांबते, असे सगळे मी सांगितले. दादांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "भाऊ, डायवरच नाही त्या गाडीले, मंग चूक झाली तं पकडतील कोणाले?"

मी गेली अनेक वर्षे, आधी पुण्यात आणि आता आखातात, रेल्वेच्या सुरक्षाविषयक सॉफ्टवेअरच्या पडताळणीचे काम करतो. रियाध मेट्रोशी माझा कामाचा संबंध नाही. मी तिचा केवळ प्रवासी आहे. तरीही दादांचा प्रश्न थेट माझ्या व्यवसायाच्या मुळाशी जाऊन भिडला. त्याचे उत्तर तेव्हा मला नीट देता आले नाही. प्रस्तुत लेख हा ते उत्तर मांडण्याचा प्रयत्न आहे.

मागोवा म्हणजे काय?

रियाध मेट्रोच्या सहा मार्गांची एकूण लांबी १७६ किलोमीटर असून स्थानके ८५ आहेत. २०१३ साली तीन आंतरराष्ट्रीय समूहांना कंत्राटे देण्यात आली आणि १ डिसेंबर २०२४ पासून ती प्रवाशांसाठी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिसऱ्या, म्हणजे नारिंगी मार्गाच्या उभारणीत मुंबईत मुख्यालय असलेली लार्सन अँड टुब्रो ही कंपनीही भागीदार होती. या सर्व गाड्या चालकाविना धावतात. पूर्वी चालकाच्या डोळ्यांनी, कानांनी आणि अनुभवाने होणारे काम आता सिग्नल-यंत्रणा व सॉफ्टवेअर करते.

अशा यंत्रणेची निर्मिती सॉफ्टवेअरच्या आधी, एका वाक्यापासून सुरू होते. उदाहरणार्थ: "गाडीचे आणि फलाटाचे दरवाजे पूर्ण बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय गाडी हलू नये." आमच्या व्यवसायात अशा वाक्याला रिक्वायरमेंट, म्हणजे आवश्यकता म्हणतात. हे एक वाक्य पुढे अनेक वाक्यांत विभागले जाते. दरवाजा बंद झाला हे कोणता संवेदक सांगणार? तो बिघडला तर दरवाजा उघडा समजायचा की बंद? निरोप किती वेळात पोहोचला पाहिजे? निरोप आलाच नाही तर मोटारीचा वीजपुरवठा कोण तोडणार? प्रत्येक उत्तरासाठी आराखडा तयार होतो, आराखड्यावरून कोड लिहिला जातो आणि कोडसाठी चाचण्या रचल्या जातात. चाचणीचा निकाल कोणीतरी नोंदवतो आणि दुसरे कोणीतरी तो तपासून सही करते.

पहिल्या वाक्यापासून शेवटच्या सहीपर्यंत जाणारा हा धागा दोन्ही दिशांनी धरता आला पाहिजे. वरून खाली येताना विचारायचे, की ही आवश्यकता कोणत्या कोडने पूर्ण केली आणि कोणत्या चाचणीने सिद्ध झाली? खालून वर जाताना विचारायचे, की कोडची ही ओळ कोणाच्या मागणीवरून लिहिली गेली? यालाच ट्रेसेबिलिटी म्हणतात. मराठीत आपण त्याला 'मागोवा' म्हणू. वरून खाली येताना धागा तुटला तर काहीतरी करायचे राहून गेले आहे. खालून वर जाताना तुटला तर कोणीही न मागितलेली गोष्ट यंत्रात शिरली आहे. दोन्ही सारख्याच धोकादायक आहेत.

म्हणूनच जगातील सर्व प्रमुख सुरक्षा-मानके हा मागोवा सक्तीचा करतात. विमानांच्या सॉफ्टवेअरसाठी २०११ चे डीओ-१७८सी हे मानक आहे. त्यात सर्वाधिक धोक्याच्या पातळीवरील सॉफ्टवेअरने ७१ उद्दिष्टे पूर्ण करायची असतात आणि त्यांतील अनेक उद्दिष्टे मागोव्याशी निगडित आहेत. मोटारींसाठी आयएसओ २६२६२, वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी ६२३०४ आणि रेल्वेसाठी युरोपचे ईएन ५०१२८ ही मानके आहेत. ईएन ५०१२८ ची जागा २०२३ मध्ये ईएन ५०७१६ ने घेतली. क्षेत्रे वेगवेगळी असली तरी या बाबतीत सर्वांचे म्हणणे एकच आहे: नुसता दावा चालणार नाही, धागा दाखवा.

धागा तुटल्यावर काय होते?

हे सारे कागदी सोपस्कार वाटू शकतात. तसे वाटू नये म्हणून तीन घटना सांगतो. तिन्ही जगजाहीर आहेत आणि तिन्हींच्या चौकश्या झालेल्या आहेत.

पहिली घटना थेरॅक-२५ या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राची. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक किरण दिले; त्यांतील किमान तिघे दगावले. या यंत्राच्या आधीच्या आवृत्तीत धोकादायक मारा रोखण्यासाठी स्वतंत्र यांत्रिक अडसर होते. नव्या आवृत्तीत ते काढून टाकून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवण्यात आली. सॉफ्टवेअरमधील एक दोष जुन्या यंत्रातही होता, पण अडसरांमुळे तो कधी जिवावर बेतला नव्हता. "चुकीच्या स्थितीत मारा होता कामा नये" ही आवश्यकता तोवर लोखंडाने पूर्ण केली होती. लोखंड काढले तेव्हा ही जबाबदारी नेमकी कोणाकडे गेली, आणि ती पेलली जाते आहे हे कोणी सिद्ध केले, या प्रश्नाला कागदावर उत्तर नव्हते. यंत्रापुढे बसलेल्या तंत्रज्ञांना पडद्यावर केवळ एका क्रमांकाचा संदेश दिसत असे. त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नव्हता.

दुसरी घटना ४ जून १९९६ ची. युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. दिशादर्शक यंत्रणेतील एक मोठी संख्या १६ बिटांच्या छोट्या जागेत बसवताना सॉफ्टवेअर कोलमडले. चौकशी मंडळाच्या अहवालातील दोन बाबी आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. ज्या गणनेमुळे हा घात झाला, तिचा उड्डाणानंतर एरियान-५ ला काहीच उपयोग नव्हता. जुन्या एरियान-४ च्या एका गरजेपोटी ती लिहिलेली होती आणि नव्या बाणात तशीच राहून गेली. मागणी संपली, तिची सेवा करणारा कोड मात्र चालूच राहिला. दुसरी बाब अशी, की सात संख्यांपैकी चार संख्यांना संरक्षण देऊन तीन उघड्या ठेवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. परंतु त्या निर्णयाचे कारण कोडमध्ये थेट कोठेही नोंदलेले आढळले नाही. कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात ते झाकले गेले होते. निर्णय होता, संमतीही होती, फक्त त्यांच्यापर्यंत नेणारा धागा नव्हता.

तिसरी घटना आपल्या स्मरणातील आहे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात बोईंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळून एकूण ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. विमानाचे नाक आपोआप खाली वळवणाऱ्या प्रणालीची ताकद विकासाच्या ओघात ०.६ अंशावरून २.५ अंशांपर्यंत वाढवण्यात आली होती. असा एक आकडा बदलला की त्याच्याशी जोडलेले प्रत्येक धोका-विश्लेषण पुन्हा उघडावे लागते. मागोव्याचे हे सर्वांत मोठे काम आहे आणि तेच येथे पुरेसे झाले नाही. याच विमानाच्या संदर्भात कंपनीने मे २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट मान्य केली. दोन संवेदकांच्या मापांत तफावत आल्यास वैमानिकाला इशारा मिळावा, अशी आवश्यकता सर्व विमानांसाठी लिहिलेली होती. प्रत्यक्षात ते सॉफ्टवेअर ऐच्छिक उपकरण घेतलेल्या विमानांतच काम करत होते. कंपनीच्या अभियंत्यांना ही विसंगती २०१७ मध्येच कळलेली होती. इंडोनेशियातील अपघाताच्या अंतिम चौकशी अहवालात हा इशारा योग्य रीतीने कार्यान्वित नसणे हा अपघाताला हातभार लावणाऱ्या घटकांपैकी एक मानला गेला. लिहिलेले एक आणि बनलेले दुसरे, अशा स्थितीत विमाने ग्राहकांच्या हाती गेली, एवढे यावरून सिद्ध होते.

या अपघातांनंतर पहिल्या काही महिन्यांत बोट कोणाकडे दाखवले गेले, हेही आठवावे. मृत वैमानिकांच्या प्रशिक्षणाची आणि कौशल्याची चर्चा आधी झाली. थेरॅकच्या बाबतीत तर यंत्राकडून असा अतिरिक्त मारा होणे अशक्यच आहे, अशी ग्वाही निर्मात्याकडून दिली जात होती. धागा उपलब्ध नसला की दोष आपल्या वजनानेच खाली घसरतो आणि साखळीत सर्वांत खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर येऊन थांबतो.

दादांचे जॉब कार्ड

हे दादांना मी सांगू लागलो तेव्हा त्यांनी मला त्यांच्या कामाच्या टेबलाजवळ नेले. चाकाचे नट ठरलेल्या जोराने आवळून झाले की नटावरून बोल्टवर रंगाची एक सलग रेघ ओढायची. नट जरासा जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. मग जॉब कार्डावर गाडीचा क्रमांक, सुट्या भागाचा क्रमांक, काम करणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची वेगळी सही.

ही शिस्त त्यांनी अनुभवातून जपली आहे. पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी नोकरीला असताना त्यांनी काम केलेल्या एका ट्रेलरचे चाक महामार्गावर निखळले. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. नुकसानीपोटी दादांचा दोन महिन्यांचा पगार कापण्याची तयारी झाली. भाषेची अडचण, मालकाच्या हाती असलेला इकामा आणि घरी मुलीच्या परीक्षेची फी, अशा अवस्थेत माणूस कोणाशी भांडणार? दादांनी फक्त जुने कार्ड काढून दाखवले. त्यांनी पिवळी रेघ ओढल्याची त्यावर नोंद होती, तपासणाऱ्याची सही होती. उरलेल्या नटांवरची रेघ मात्र पांढरी होती. म्हणजे त्यांच्यानंतर ते चाक अन्यत्र कोठेतरी उघडले गेले होते. पगार वाचला.

मागोवा ही कोणाची गरज आहे, हे मला त्या दिवशी दादांनी शिकवले. ज्यांच्याजवळ अधिकार आहे, त्यांचा शब्द नोंदीशिवायही चालतो. ज्याच्या शब्दाला वजन दिले जात नाही, त्याला नोंदीचाच आधार असतो. आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

मसुदा समितीची तळटीप

या संदर्भात मला आपल्या सर्वांच्या परिचयाचा एक दस्तऐवज आठवतो. २९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधान सभेने मसुदा समिती नेमली. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी समितीचे अध्यक्ष या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संविधानाचा मसुदा सभेच्या अध्यक्षांना सादर केला. त्या सोबतच्या पत्रात त्यांनी कामाची पद्धत स्पष्ट केलेली आहे. सभेने व तिच्या विविध समित्यांनी घेतलेल्या निर्णयांचे पालन करणे हे मसुदा समितीचे काम होते. जेथे समितीला त्या निर्णयांपासून वेगळे काही सुचवावेसे वाटले, तेथे तो भाग अधोरेखित करून किंवा बाजूला रेघ देऊन दाखवण्यात आला आणि अशा प्रत्येक बदलाचे कारण तळटिपेत नोंदवण्यात आले.

वाचकहो, सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या लेखापरीक्षकाला नेमके हेच हवे असते. मूळ निर्णय कोणता, त्यावरून लिहिलेले कलम कोणते, दोहोंत फरक असल्यास तो कोठे आहे आणि का आहे? पुढे या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. मसुद्यातील ३१५ कलमांची अंतिम संविधानात ३९५ कलमे झाली. त्या काळी संगणक नव्हता. तरीही आज एखाद्या कलमाचा अर्थ लावताना आपण मागे जाऊन ते कोणत्या चर्चेतून आले हे पाहू शकतो, कारण प्रत्येक टप्प्यावर नोंद ठेवण्याची शिस्त पाळली गेली होती. लेखी नोंदीवरचा हा विश्वास आपल्याला वारशाने मिळाला आहे.

यंत्राला काय जमते?

आता स्वयंचलनाकडे वळू. समजा एका मध्यम आकाराच्या प्रकल्पात २,००० आवश्यकता आणि ५,००० चाचण्या आहेत. कोणती चाचणी कोणत्या आवश्यकतेची, हे ठरवताना संभाव्य जोड्या होतात एक कोटी. हे काम अनेक ठिकाणी आजही मोठ्या तक्त्यात हाताने भरले जाते. आवश्यकता बदलत राहतात आणि तक्ता मागे पडतो. परीक्षण जवळ आले की चार-सहा अभियंते रात्रंदिवस बसून तो नव्याने भरतात. परीक्षणाच्या आदल्या आठवड्यात भरलेला मागोवा सुरक्षेसाठी निरुपयोगी असतो, कारण निर्णय आधीच होऊन गेलेले असतात.

येथे यंत्राची मदत तीन पातळ्यांवर घेता येते.

पहिली पातळी निव्वळ हिशेबाची आहे. प्रत्येक आवश्यकतेला कायमचा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक कोडच्या टिपणीत आणि चाचणीच्या नावात लिहायचा. रोज रात्री सॉफ्टवेअर बांधले जाते तेव्हा एका छोट्या प्रोग्रॅमने सगळे क्रमांक जुळवून पाहायचे. चाचणी नसलेली आवश्यकता किंवा मागणी नसलेला कोड सापडला, तर बांधणी थांबवायची. यात बुद्धिमत्ता काहीच नाही, आणि तेच तिचे बळ आहे. ती थकत नाही आणि ओळखपाळख पाहत नाही.

दुसरी पातळी बदलाची. एखादी आवश्यकता बदलली की तिला जोडलेले सर्व धागे आपोआप 'संशयित' ठरवायचे. जबाबदार व्यक्तीने प्रत्येक धागा पुन्हा पाहून मान्य करेपर्यंत ते तसेच राहतात. ०.६ चे २.५ झाले, तर त्या आकड्यावर उभे असलेले प्रत्येक विश्लेषण त्याच संध्याकाळी लाल दिसले पाहिजे.

तिसरी पातळी अनुमानाची. जुन्या प्रकल्पांत क्रमांकच नसतात. तेथे आवश्यकतेतील शब्द आणि चाचणीतील शब्द यांचे साम्य मोजून यंत्र संभाव्य जोड्या सुचवते. या दिशेने गेली दोन दशकांहून अधिक काळ संशोधन चालू आहे. आता भाषेची मोठी प्रारूपे, म्हणजे चॅटबॉटमागचे तंत्रज्ञान, या कामी आणले जात आहे. येथे मोह सर्वांत मोठा आहे आणि सावधगिरीही येथेच सर्वाधिक हवी.

माझी स्वतःची चूक

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. एका प्रकल्पात अशाच एका साधनाने सुचवलेल्या जोड्या तपासून मान्य करण्याचे काम माझ्याकडे होते. दिवसभरात मी तीनशेहून अधिक जोड्या मान्य केल्या. सगळा तक्ता हिरवा झाला. दुसऱ्या आठवड्यात आमच्या गटातील सर्वांत कनिष्ठ सहकारी मुलीने मला एक ओळ दाखवली. आवश्यकता अशी होती: "दरवाजा उघडा असताना गाडी हलू नये." तिला जोडलेली चाचणी तपासत होती: "गाडी हलत असताना दरवाजा उघडू नये."

शब्द जवळपास तेच. साधनाने दिलेले गुण भरघोस. अर्थ मात्र दोन स्वतंत्र धोक्यांचा. पहिल्यात दारात पाय अडकलेला प्रवासी फरफटत जातो, दुसऱ्यात धावत्या गाडीतून माणूस बाहेर पडतो. दुसऱ्या धोक्याची चाचणी दोनदा मोजली गेली होती आणि पहिल्याची एकही नव्हती. हे माझ्या डोळ्यांखालून गेले होते, माझ्या सहीने गेले होते. त्या मुलीने ते पाहिले नसते तर पुढच्या टप्प्यावर सापडले असते, अशी समजूत मी स्वतःला घालू शकतो. पण पुढच्या टप्प्यावर बसलेली व्यक्तीही माझ्या हिरव्या रंगावर विसंबली असती.

ही केवळ माझी दुर्बलता नव्हती. २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, यंत्राने तयार केलेला मागोवा-तक्ता माणसांना तपासायला दिला होता. तक्ता वाईट होता तेव्हा माणसांनी तो सुधारला. चांगला होता तेव्हा अनेकांनी तो बिघडवला. यंत्राचे काम तपासणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि केवळ माणूस बसवला म्हणून तपासणी झाली असे होत नाही, हा त्याचा बोध.

मानकांनी याचा विचार केलेला आहे. एखाद्या साधनाच्या निकालाची स्वतंत्र पडताळणी न करता त्यावर विसंबून मानवी काम कमी करायचे असेल, तर विमानक्षेत्रात आधी त्या साधनालाच पात्र ठरवावे लागते. रेल्वेच्या मानकांतही साधनांचे त्यांच्यापासून होणाऱ्या धोक्यानुसार तीन वर्ग केलेले आहेत. क्रमांक जुळवणारा साधा प्रोग्रॅम अशा परीक्षेत उतरू शकतो, कारण त्याचे वर्तन ठरलेले असते. एकाच प्रश्नाला आज एक आणि उद्या दुसरे उत्तर देऊ शकणाऱ्या भाषा-प्रारूपाला त्याच कसोटीवर उतरवणे अतिशय कठीण आहे. म्हणून त्याला आज सुचवणाऱ्याच्या जागी बसवावे, सही करणाऱ्याच्या नव्हे. माझ्या गटात त्यानंतर आम्ही तीन नियम केले. एका बैठकीत चाळीसहून अधिक जोड्या तपासायच्या नाहीत. मान्य करताना 'का' हे एका वाक्यात लिहायचे. आणि दर आठवड्याला तक्त्यात मुद्दाम काही खोट्या जोड्या पेरून आपल्यापैकी कोण त्या पकडतो ते पाहायचे. पहिल्या आठवड्यात मी स्वतः दोन सोडल्या.

मागितले कोणी?

एक प्रश्न मात्र कोणतेही साधन सोडवू शकत नाही. १९९४ साली ऑर्लेना गोटेल आणि अँथनी फिंकेलस्टाईन या लंडनच्या संशोधकांनी शंभराहून अधिक व्यावसायिकांशी बोलून एक निबंध लिहिला. आमच्या क्षेत्रात तो आजही वाचला जातो. त्यांचा निष्कर्ष असा, की मागोव्याच्या बहुतेक अडचणी आवश्यकता लिहिल्यानंतरच्या नसून लिहिण्यापूर्वीच्या असतात. हे वाक्य मुळात कोणी मागितले, कोणत्या अनुभवातून मागितले आणि आज शंका आली तर विचारायचे कोणाला, याचीच नोंद नसते.

या निष्कर्षाचा आपल्याशी निकटचा संबंध आहे. मागणी लिहिणाऱ्या खोलीत कोण बसले होते, यावर कोणाचा धोका कागदावर येईल हे ठरते. चाकाच्या खुर्चीवरून फिरणारी स्त्री, साडीचा पदर सावरत गर्दीतून चढणारी आई, दोन भाषांतील सूचना वाचू न शकणारा मजूर यांचा अनुभव त्या खोलीत पोहोचला नाही, तर पुढचा सगळा धागा निर्दोष असूनही त्यांच्यासाठी तो सुरूच होत नाही. खाली कितीही उत्तम स्वयंचलन केले तरी वर न लिहिलेले वाक्य यंत्र शोधून देणार नाही.

म्हणून परदेशातील व मायदेशातील आपल्या पालकांना एक विनंती करावीशी वाटते. सॉफ्टवेअर म्हटले की आपण मुलांना कोड लिहिणे शिकवतो. पडताळणी, सुरक्षा-विश्लेषण, आवश्यकता-लेखन ही क्षेत्रे आपल्या घरांत फारशी माहीत नाहीत. पुण्यात वाहनांच्या सॉफ्टवेअरचे मोठे काम चालते. १९८१ मध्ये तेथे स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाईन सेंटरमध्ये सॉफ्टवेअरच्या पडताळणीवर दीर्घकाळ संशोधन झालेले आहे. या कामाला लागतात स्पष्ट भाषा, चिकाटी आणि मोठ्या पदावरच्या माणसालाही "हे कशावरून?" असे विचारण्याचे धैर्य. हे तिन्ही गुण आपल्या परंपरेत आहेत. माझी चूक दाखवणारी ती सहकारी मुलगी नांदेड जिल्ह्यातील एका लहान गावातून, वसतिगृहात राहून शिकलेली आहे. मला माझी चूक दाखवताना तिचा आवाज किंचित कापत होता. तरी ती बोलली.

महिनाभराने मी पुन्हा अल सुलैला गेलो तेव्हा दादांना उत्तर दिले. म्हटले, "दादा, चूक झाली तर पकडायचे कोणाला हे त्या दिवशी ठरवायचे नसते. कोणत्या वाक्यामागे कोणाची सही आहे, हे गाडी धावण्याआधीच लिहून ठेवावे लागते. तुमच्या कार्डासारखे."

दादा थोडे थांबून म्हणाले, "अन् ते कार्ड मशीनच भरत असन तं?"

"मशीनने भरावे," मी म्हणालो, "पण रेघ ओढली का, हे माणसाने वाकून पाहावे."

ते हसले, टॉर्च उचलली आणि समोर उभ्या ट्रेलरच्या चाकाखाली वाकले.